पैशाची आगोट

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात पगाराचा दिवस कोणता, असं चार घरी विचारलं तर चार उत्तरं मिळतील. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कायम असलेला सांगेल, सात तारखेच्या आत. रिक्षावाला म्हणेल, रोज रात्री, आणि पावसाची झड लागली तर तेही नाही. कलमांची बाग असलेला नुसता हसेल. त्याचा पगार वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी येते त्या दिवशी होतो, आणि पट्ट्या येतात मार्च ते मे. चौथ्या घरातला मुलगा गणपतीपुळ्याच्या हॉटेलात वेटर असेल तर त्याला दोन पगार. एक मालक देतो तो. दुसरा गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत ठेवून जातं तो. पहिला लहान आणि ठरलेला. दुसरा मे महिन्यात पहिल्याशी स्पर्धा करतो आणि जुलैत चहाच्या खर्चालाही पुरत नाही.

मिळकतीची पंचांगं अशी चार, पण खर्चाचं एकच. विजेचं बिल दरमहा येतं, गॅस संपतो तेव्हा संपतो, रिक्षाच्या कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो आणि शाळेची फी जूनमध्ये भरावी लागते. कोकणात त्यावर गणपती. बागायतदाराचा आंबा संपून तीन महिने झालेले असतात आणि हॉटेलातली गर्दी ओसरलेली असते, नेमक्या तेव्हा वर्षातला सर्वात मोठा घरगुती खर्च येऊन उभा राहतो. (रिक्षावाल्याचं उलट. चाकरमानी गावी उतरले की त्याचे ते आठ-दहा दिवस सुगीचे.)

पैशाच्या नियोजनावरची बहुतेक पुस्तकं पगारदारांसाठी लिहिलेली असतात. पगाराचे वीस टक्के आधी बाजूला टाका, असं ती सांगतात. कोणत्या पगाराचे? मे महिन्यातल्या की जुलैतल्या? म्हणून अशा पुस्तकाला बागायतदार आणि वेटर दोघेही दोन पानांतच कंटाळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मिळकत अनियमित असणं आणि अपुरी असणं या वेगळ्या तक्रारी आहेत. वर्षाची बेरीजच घरखर्चाला कमी पडत असेल तर पुढची कोणतीही युक्ती चालणार नाही. तिथे काम, दर किंवा मजुरी वाढण्याखेरीज उपाय नाही. पण बेरीज पुरेशी असूनही दर ऑगस्टला उसनवारी करावी लागत असेल तर दुखणं वेगळं आहे आणि त्यावर औषध आहे.

ठरलेल्या रकमेलाही फार मोठेपण देऊ नये. रत्नागिरीकरांना याचा एक दाखला घराजवळच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली कैदी म्हणून इथे आला आणि १९१६ साली इथेच वारला. इंग्रज सरकारची ठरलेली तैनात त्याला मिळत होती, आणि तरीही त्याच्यावर जवाहीर विकण्याची, व्यापाऱ्यांची देणी करून ठेवण्याची पाळी आली. त्याहून जवळचा दाखला गिरणगावचा. हा जिल्हा पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर जगला. भात घरचं आणि रोख पैसा गिरणीचा, अशी घरांची वाटणी होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि दरमहा पोस्टमनच्या पिशवीतून येणारी ती नेमकी रक्कम घरोघर थांबली. संप कधी मागे घेतलाच गेला नाही. संप सुरू होईपर्यंत ज्यांनी भातशेती सोडली नव्हती त्या घरांनी तग धरला.

ती भाताची बाजू कशी चालायची, हे नीट पाहण्यासारखं आहे. कोकणातल्या घराला मिळकत वर्षातून एकदा येण्याची सवय शेकडो वर्षांची. भात दिवाळीच्या आगेमागे घरात यायचं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत खायचं असायचं. पावसाळ्याचे चार महिने तर बाजाराचा रस्ताच बंद. म्हणून मिरगाच्या आत आगोट भरायची. तांदूळ, मीठ, मिरची, आमसुलं, सुकी मासळी, फणसाची साठं, पापड, चुलीला लाकूडफाटा, आणि शाकारलेली कौलं. कोणी याला बेगमी म्हणतं, पण आगोट हा शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात पावसाची तारीख आहे. एवढं एवढं या दिवसाच्या आत घरात आलंच पाहिजे, असा तो शब्द बजावतो.

आगोट भरणाऱ्या बाईला अर्थशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण तिचा हिशेब पक्का होता. ती ‘जमेल तेवढं साठवू’ असं म्हणत नसे. घरात माणसं किती, एका माणसाला महिन्याला तांदूळ किती, महिने किती, यावरून आकडा आधी ठरे. तो भरल्यावर उरलेलं विकायचं किंवा पाहुण्यारावळ्यांवर खर्चायचं. आणि साठा अशा रूपात असे की सहज हात जाऊ नये. भाताची कणगी शेणाने लिंपून बंद करत, मुडी पेंढ्याच्या दोरांनी आवळून बांधत. ती उघडायची म्हणजे सगळ्या घराला कळायचं. पैशाला हा गुण नाही. मे महिन्यातली पाचशेची नोट आणि ऑगस्टसाठी राखलेली पाचशेची नोट हुबेहूब सारखीच दिसते, म्हणून ऑगस्टची नोट मे महिन्यातच जाते.

हीच रीत रुपयांत करून पाहू. गणपतीपुळ्याच्या त्या वेटरचा मालकाकडचा पगार बाजूला ठेवू आणि फक्त टिपचा विचार करू. आकडे हिशेबापुरते धरले आहेत. मे महिन्यात १४,०००, डिसेंबरात १२,०००, दिवाळीच्या सुट्टीमुळे नोव्हेंबरात ९,०००, आणि पावसाळ्यात जूनला १,५००, जुलैला १,०००, ऑगस्टला २,०००, सप्टेंबरला २,५००. बाकीचे महिने मधले. वर्षाची बेरीज ७२,००० झाली असं समजू. म्हणजे सरासरी महिन्याला ६,०००.

इथे घाई होते. माणूस म्हणतो, चला, मला सहा हजार मिळतात. तसं नाही. सरासरी म्हणजे निम्मी वर्षं त्याहून वाईट जाण्याची शक्यता. म्हणून स्वतःला द्यायचा पगार सरासरीपेक्षा खाली ठरवावा, धरू ५,०००. आता पावसाळ्याचे चार महिने पाहा. जूनला साडेतीन हजार कमी पडतात, जुलैला चार, ऑगस्टला तीन, सप्टेंबरला अडीच. एकूण १३,०००. ही या मुलाची आगोट. ३१ मे च्या रात्री त्याच्या खात्यात घरखर्चाखेरीज १३,००० रुपये असले पाहिजेत. एकदा हा आकडा कळला की मे महिन्यातल्या चौदा हजारांकडे पाहण्याची नजर बदलते. नवा मोबाइल घ्यायचा की नाही याचं उत्तर त्याच्या मनाच्या मोठेपणावर किंवा संयमावर उरत नाही, ते आकड्यावर ठरतं. आणि बाराही महिने पाच हजारांवर भागवलं तर वर्षाला बारा हजार शिल्लक राहतात. ती रक्कम पावसाळ्याची नव्हे, आजारपणाची आणि वाईट वर्षाची.

कणगी कुठे बांधायची? सोपा मार्ग दोन खात्यांचा. मिळेल ते सगळं पहिल्या खात्यात जाईल आणि त्या खात्याचं कार्ड किंवा मोबाइलवरून पैसे देण्याची सोय बरोबर बाळगायची नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या, घरखर्चाच्या खात्यात जावी अशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवायची. पावसाळ्यासाठी मुदत ठेवींच्या छोट्या पावत्या केल्या तर आणखी बरं. वरच्या हिशेबात जूनचे साडेतीन हजार हाताशी, आणि जुलैचे चार, ऑगस्टचे तीन, सप्टेंबरचे अडीच अशा तीन पावत्या, एकेका महिन्याच्या सुरुवातीला मुदत संपणाऱ्या. व्याज नाममात्र मिळेल. व्याजासाठी हे करायचंच नाही. पावती मोडायला बँकेत जावं लागतं, हे तिचं खरं काम. शेणाने लिंपण्याची ती आजची रीत.

टिपचा आणि रिक्षाच्या धंद्याचा एक खास त्रास म्हणजे पैसे सुट्टे येतात. दहा, वीस, पन्नास. खिशात शिरलेल्या सुट्ट्याला हिशेब नसतो. चहा, गुटखा, मित्राला दिलेले, संपले. आठवड्यातून एक दिवस ठरवून नोटा खात्यात भरणं आणि रोज रात्री वहीत एकच आकडा लिहिणं, एवढं केलं तरी वर्षाअखेरीस स्वतःची सरासरी हातात येते. बाकी कोणाची सरासरी उपयोगाची नाही.

टिपबद्दल कायद्याची एक बाजूही ठाऊक असावी. २६ एप्रिल २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी कंपनीच्या हॉटेलांच्या खटल्यात निकाल दिला, की टिप गिऱ्हाईक स्वखुशीने देतं, मालक देत नाही, म्हणून ती पगार नव्हे आणि मालकाने त्यावर पगारासारखा मुळातून कर कापण्याची गरज नाही. वेटरच्या हातात मात्र ती ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ ठरते. करमुक्त मर्यादेच्या आत असलेल्याला कराची चिंता नाही, पण निकालाचं दुसरं टोक त्याला टोचतं. जी रक्कम पगार नाही, तिच्यावर भविष्यनिर्वाह निधीही कापला जात नाही आणि कर्ज मागायला गेल्यावर पगाराच्या चिठ्ठीत ती दिसत नाही. म्हातारपणाची सोय आणि कर्जासाठीची पत त्याने स्वतःच उभी करायची. खात्यात नियमाने भरलेले पैसे हा त्याचा एकमेव पुरावा.

आता बागेकडे येऊ, कारण या गावाचा खरा गुंता तिथे आहे.

हापूस हे झाडच मुळात अनियमित. एक वर्ष भरभरून, दुसरं वर्ष आखडतं, हा त्याचा स्वभाव. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली ‘रत्ना’ ही जात आणली ती नीलम आणि हापूसच्या संकरातून, आणि नीलम दरवर्षी धरते हे तिच्यामागचं एक कारण. पुढे पॅक्लोब्युट्राझोल आलं. बागायतदार त्याला कल्टार म्हणूनच ओळखतात. ते मुळाशी घातलं की झाडाची पालवी आवरते आणि मोहोर लवकर व खात्रीने येतो. पण झाड ताब्यात आलं तरी आभाळ येत नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा उशिराचा आंबा झाडावरच होता. त्याच्या आदल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली होती. शिवाय भावाचाही उतार असतो. हंगामाच्या सुरुवातीची पेटी ज्या भावाने जाते, त्याच्या जवळपासही मे अखेरीचा कॅनिंगला जाणारा आंबा जात नाही. म्हणून बागायतदाराने वर्षाची सरासरी काढून चालत नाही. किमान चार वर्षांच्या पट्ट्या समोर ठेवायच्या, दोन फळ धरलेल्या वर्षांच्या आणि दोन न धरलेल्या.

आमच्या घरी या पट्ट्या एका टोकदार सळईत खोवलेल्या असत. हंगाम संपला की सळई भरायची आणि वडील ती कपाटावर ठेवून द्यायचे. त्या पुन्हा कोणी वाचल्या नाहीत. आज वाटतं, घरातला सर्वात उपयोगी ग्रंथ तोच होता.

त्या पट्ट्यांत वजावटीच्या रकान्यात एक आकडा असे, उचल. खर्च आंब्याच्या आधी येतो. खत, फवारण्या, राखणदार, पेट्या, तोडणीची माणसं. हा पैसा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लागतो, तेव्हा घरात काही नसतं. दलाल तो देतो, अनेकदा न मागताही. त्याबदल्यात माल त्याच्याकडेच जायचा, हा अलिखित करार. हंगामात माल उतरतो, विक्री होते, भाडं-हमाली वजा होते, उचल वजा होते आणि उरलेलं हातात येतं. दलाल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. कितीतरी घरांची लग्नं आणि आजारपणं त्यांनीच निभावली आहेत. पण या पैशाचं व्याज लोक चुकीच्या रकान्यात शोधतात. ते टक्क्यांत नसतंच. पलीकडचा व्यापारी पेटीमागे चार पैसे जास्त देत असताना त्याला माल देता येत नाही, पुण्याच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट पेट्या पाठवता येत नाहीत, भाव पडला असताना एक दिवस थांबता येत नाही. ऑगस्टमध्ये पैसे नसल्याची किंमत एप्रिलमध्ये अशी मोजली जाते.

याला पर्याय किसान क्रेडिट कार्डाचा. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज सात टक्के, आणि वेळेत फेडलं तर सवलतीनंतर चार. फेड पिकाच्या हंगामाला धरून असते, महिन्याला हप्ता नाही. मासेमारी करणाऱ्यांनाही २०१८-१९ पासून ही सोय खुली झाली. कागदपत्रांचा त्रास आहे, सातबारावर सामाईक नावांची रांग असली की तो दुप्पट आहे, आणि दलालाचा फोन एका मिनिटात लागतो. तरीही एका हंगामात निम्मी उचल कमी केली तर निम्मा माल आपल्या मर्जीने विकता येतो. सगळी बाग एकदम सोडवायची गरज नाही.

मिरकरवाड्याच्या बंदरावर हाच प्रकार दुसऱ्या रूपात चालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. पर्ससीन जाळी वापरणाऱ्यांचा हंगाम तर २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठरला. बोटी शाकारल्या की खलाशी पुढच्या हंगामाच्या पगारावर आगाऊ रक्कम उचलतो आणि त्या बोटीला बांधला जातो. मिरजोळ्याच्या वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, त्यामुळे बंदरातली टंचाई डोंगर चढून इथपर्यंत येते.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती अशी की टंचाईत माणूस निर्णयही वाईट घेतो. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊसकऱ्यांवरचा अभ्यास छापून आला. त्याच शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि ऊस गेल्यावर, पैसा आल्यावर, बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. आधीच्या वेळी ते कमी पडले. माणसं तीच होती. त्या अभ्यासावर पुढे वादही झाले, पण बागायतदाराला तो पटेल. उचल किती घ्यायची, दागिना गहाण ठेवायचा का, हे प्रश्न ऑगस्टमध्ये सोडवायला बसू नये. मे महिन्यात, पोट भरलेलं असताना, सोडवून ठेवावेत.

बायकांनी यावर पूर्वीपासून भिशी शोधून काढली आहे. तिची ताकद शेजारणीच्या नजरेत आहे. चुकलं तर तोंड दाखवायला जागा नाही. दोष दोन. एक, भिशीलाही दरमहा ठरलेली रक्कम लागते, म्हणजे पुन्हा तोच महिना. दोन, भिशी बुडाली तर दाद मागणं अवघड. बँकेतल्या ठेवीला माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. भिशीला काही नाही. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचीही अडचण महिन्याचीच. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात. पावसाळाही चारच महिन्यांचा, हे लक्षात घ्या.

त्यापेक्षा वर्षाचा हिशेब धरणाऱ्या योजना आपल्या कामाच्या. पीपीएफमध्ये आर्थिक वर्षात किमान ५०० आणि कमाल दीड लाख, केव्हाही भरा. मुलीच्या सुकन्या खात्यात किमान २५०. हे पैसे मात्र आगोटीचे नव्हेत. ते वर्षानुवर्षं अडकतात. अटल पेन्शनचा हप्ता सहामाहीही ठेवता येतो, हे फॉर्म भरताना सहसा कोणी सांगत नाही. आणि केंद्र सरकारच्या योजनांतल्या अपघात विम्याचे २० रुपये व जीवन विम्याचे ४३६ रुपये, मिळून ४५६, बँक मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कापते, दोन-दोन लाखांच्या संरक्षणासाठी. संरक्षण १ जूनला सुरू होतं. योजना दिल्लीत ठरली असली तरी तारीख अगदी आपल्या आगोटीची पडली आहे. तेवढी शिल्लक त्या आठवड्यात खात्यात नसली तर विमा खंडित होतो, आणि तेही समुद्र खवळण्याच्या, वीज पडण्याच्या दिवसांत.

क्रमाचं म्हणाल तर आधी आगोट, मग विमा, मग उचल कमी करणं आणि सर्वांत शेवटी लांबची बचत. बँकेतला किंवा विम्याचा माणूस तुम्हाला हा क्रम उलटा सांगेल. त्याचा हप्ता दरमहा ठरलेला असतो, तुमचा नाही.

या वर्षी मे संपण्याआधी एका संध्याकाळी जुन्या पट्ट्या किंवा टिपची वही घेऊन बसा. जून ते सप्टेंबर काय कमी पडतं तो आकडा काढा आणि पहिल्या खात्याच्या पासबुकाच्या आतल्या बाजूला लिहा. पेन्सिलीने लिहा, पुढच्या मिरगाला तो खोडावा लागेल.